जगज्जेत्याच्या पश्चात

मॅसिडोनियाचा एक तरुण राजा जग जिंकायला निघाला आणि पाऊल टाकील तेथे ग्रीक संस्कृतीचा दिवा लावीत गेला, ही अलेक्झांडरची प्रतिमा शालेय पुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र पक्की होऊन बसली आहे. वसाहतवादाच्या ऐन भरात युरोपातील अनेक लेखकांनी ती मोठ्या हौसेने रंगवली. आपल्या राज्यविस्ताराला ‘सुसंस्कृत करण्याचे कार्य’ म्हणवून घ्यायचे, तर त्यासाठी एखादा पूर्वपुरुष हवाच होता! वस्तुस्थिती मात्र इतकी साधी नाही. विजेत्याची तलवार आणि संस्कृतीचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की इतिहासाचा अर्थच उलटा लागतो.

इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने थीब्ज बेचिराख केले. ते नगर ग्रीकांचेच होते. पुढच्या वर्षी तो आशियात उतरला. इ.स.पू. ३३० मध्ये पर्सिपोलिसचे राजवाडे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. इ.स.पू. ३२६ मध्ये वितस्तेच्या काठी पोरसाशी झालेल्या युद्धानंतर विपाशेपाशी त्याच्याच सैन्याने पुढे जाण्यास नकार दिला. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोन येथे तो मरण पावला, तेव्हा त्याची तेहेतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. सेनापतींनी साम्राज्याचे लचके तोडले आणि त्याच्या वंशाचाही उच्छेद झाला.

त्याने वसवलेल्या नगरांची संख्या प्लूटार्क सत्तरहून अधिक सांगतो. आधुनिक इतिहासकारांना हा आकडा फुगवलेला वाटतो. यातील बरीच ठाणी लष्करी होती. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, बसवलेले ग्रीक सैनिक तेथे किती रमले होते? अलेक्झांडरच्या निधनाची वार्ता येताच त्यांनी बंड केले आणि मायदेशी परतण्यासाठी कूच केले. डायोडोरसच्या वृत्तांतानुसार त्यांत वीस हजारांहून अधिक पायदळ आणि तीन हजार घोडेस्वार होते. ग्रीक जीवनपद्धतीची ओढ त्यांना परत खेचीत होती. मॅसिडोनियन सैन्याने त्यांची कत्तल केली. ज्यांनी संस्कृतीचे दूत व्हायचे, त्यांच्या वाट्याला हे आले.

ग्रीक भाषा आणि विद्या पसरली ती प्रामुख्याने पुढच्या पिढ्यांत. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय टॉलेमी घराण्याने उभारले. दरबार, करवसुली आणि बाजारपेठ यांमुळे ग्रीक ही पश्चिम आशियाची व्यवहारभाषा झाली. तरीही इ.स.पू. १९६ मधील रोझेटा शिलेवर टॉलेमी राजाच्या सन्मानाचा ठराव ग्रीकसोबत इजिप्तच्या दोन लिप्यांतही कोरावा लागला. जेरुसलेममध्ये तर इ.स.पू. १६७ च्या सुमारास चौथ्या अँटायोकसने ज्यूंचे धर्माचार बंद पाडून मंदिरात ग्रीक उपासना लादली. मॅकाबी बंधूंनी शस्त्र हाती घेतले आणि तीन वर्षांत मंदिर परत मिळवून शुद्ध केले.

भारताच्या सीमेवर काय घडले, ते याहून वेगळे आणि अधिक बोलके आहे. चंद्रगुप्ताशी झालेल्या तहात सेल्युकसला पाचशे हत्ती मिळाले आणि सिंधूपलीकडचा मोठा प्रदेश त्याने मौर्यांच्या हवाली केला. पुढे कंदाहारला ग्रीक भाषेतील आज्ञा कोरल्या गेल्या, पण त्या कोणा ग्रीक राजाच्या नव्हेत. आपल्या यवन प्रजेला त्यांच्या भाषेत धर्म सांगणाऱ्या अशोकाच्या होत्या. ग्रीक आणि अरामाईक या दोन भाषांतील तो लेख १९५८ मध्ये उजेडात आला.

मौर्यांनंतर बॅक्ट्रियाचे यवन गांधार-पंजाबात राज्यकर्ते म्हणून आले, तेही अलेक्झांडरप्रमाणे तलवार घेऊनच. पण ते राहिले, आणि राहताना बदलले. मिनँडर ‘मिलिंद’ होऊन बौद्ध परंपरेत स्थिरावला. विदिशेजवळ बेसनगरला खांबबाबा म्हणून पुजला जाणारा एक स्तंभ आहे. १८७७ मध्ये कनिंगहॅमने तो पाहिला, पण शेंदराच्या जाड थराखालील अक्षरे त्याला दिसली नाहीत. ती प्रकाशात आली १९०९ च्या सुमारास. तक्षशिलेचा रहिवासी, दिऑनचा पुत्र हेलिओडोरस, हा राजा अँटिअल्किडसचा दूत म्हणून काशीपुत्र भागभद्राच्या दरबारी आला आणि त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे तो लेख सांगतो. तो स्वतःला ‘भागवत’ म्हणवतो. त्याच्यावर कोणी सक्ती केली होती? कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवरही दाते म्हणून धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत.

आदानप्रदान दुतर्फी होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्योतिषातील ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकांकडून आले. ‘केंद्र सरकार’ म्हणताना ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. यवनांच्या या विद्येचा गौरव वराहमिहिराने मोकळ्या मनाने केला आहे.

अफगाणिस्तानातील ऐ खानूम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९७८ पर्यंत उत्खनन केले. डेल्फीची नीतिवचने कोरलेला शिलालेख, नाट्यगृह, व्यायामशाळा असे अस्सल ग्रीक नगर तेथे निघाले. त्याच मातीत अगाथोक्लीस या यवन राजाची चौकोनी नाणीही सापडली: एका बाजूस ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी, आणि त्यांवर संकर्षण व वासुदेव यांच्या प्रतिमा. पुढे युद्ध पेटले, उत्खनन थांबले, आणि चोरट्यांनी त्या नगराची खड्ड्याखड्ड्यांची चाळण करून टाकली.