दीडशे तासांचा दाखला आणि लाल पेन्सिलीची खूण

सोमवारी संध्याकाळी देवघेव बंद व्हायच्या बेतात असताना एक गृहस्थ मुलाला घेऊन वाचनालयात आले. मुलगा बारावीत आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतोय. घरूनच छापून आणलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला: सदर विद्यार्थ्याने आमच्या संस्थेत दीडशे तास स्वयंसेवक म्हणून काम केले. खाली सहीला जागा सोडलेली. मुलगा मे महिन्यात तीन रविवार आला होता, प्रत्येक वेळी दोन तास. मी सही करणार नाही म्हटलं. "मॅडम, तुमचं काय जातंय? एक सही आणि एक शिक्का."

काय जातं ते मी त्यांना तिथेच सांगितलं. उद्या खरोखर वर्षभर राबलेली एखादी मुलगी याच शिक्क्याचा कागद घेऊन कुठेतरी उभी राहणार आहे. आज मी खोटी सही केली, तर तिच्या कागदावरची सही पुसट होते. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. कारण हा या मोसमातला तिसरा कागद होता.

मुलगा मात्र खाली मान घालून उभा होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तू काय केलंस ते आठवतंय का? म्हणाला, दुसऱ्या रविवारी बालविभागात पाच-सहा पोरं दंगा करत होती, त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली. तीच गोष्ट त्यांनी तीनदा वाचायला लावली, तिसऱ्या वेळी पुढची वाक्यं पोरंच म्हणत होती. मी म्हटलं, अरे, हेच लिही. अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांना चालणारा कॉमन अ‍ॅप नावाचा अर्ज असतो. त्यात दहा उपक्रम लिहिता येतात आणि एकेकाच्या वर्णनाला जेमतेम दीडशे अक्षरांची जागा असते. शेजारी आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे, तेही भरायचं असतं. दाखला जोडायची सोय त्या यादीत नाही. म्हणजे ज्या कागदासाठी वडील माझ्याशी भांडत होते, तो तिथे मागितलेलाच नव्हता. तीन आठवडे, दोन-दोन तास, गोष्ट वाचून दाखवली: एवढं खरं लिहिलं तरी पुरतं.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून 2016 मध्ये 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल निघाला होता. प्रवेश देणाऱ्यांनी उपक्रमांची संख्या पाहू नये, निदान वर्षभर टिकलेलं एखादं काम पाहावं, असं त्यात सुचवलं आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घर चालवायला हातभार लावणं यालाही सेवेइतकंच मोल द्यावं, असंही त्यात आहे. आपल्याकडे किती घरांतल्या मुली हे रोज करतात आणि अर्जात त्याची एक ओळ लिहीत नाहीत!

आता गुरुवारची गोष्ट. मला आज खरं तर तीच सांगायची आहे.

आमच्याकडे दोन वर्षं येणारी बी.कॉम.ची एक मुलगी पेढे घेऊन आली. सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी तिची एका कार्यालयात निवड झाली. तिच्या अर्जात वाचनालयाबद्दल एकच ओळ होती: सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाची पडताळणी, चार हजारांवर पुस्तकं, अकरा रविवार. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या एका ओळीवर गेला.

समोरच्या ज्येष्ठांनी विचारलं, पुस्तक हरवलं हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तिनं सांगितलं: दाखल नोंदवहीत क्रमांक आहे, पण कपाटात पुस्तक नाही. मग देवघेवीची कार्डं पाहायची, कुणा वर्गणीदाराकडे गेलंय का. नसेल तर बांधणीची वही. तिथेही नसेल तर बाद पुस्तकांची यादी. चारही ठिकाणी मिळालं नाही, तरच नोंदवहीत लाल पेन्सिलीनं खूण. पेन्सिलीनं का? कारण पुस्तक सापडू शकतं. बरीचशी सापडलीही, दुसऱ्याच कपाटात मागच्या रांगेत पडलेली.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडून काही चुकलं का? तिनं लपवलं नाही. पहिल्या रविवारी एक जण नाव वाचत होती, दुसरी नोंदवहीत खूण करत होती. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, दोन्हींचे दाखल क्रमांक वेगळे, आणि खूण मात्र दोन्ही वेळा एकाच क्रमांकापुढे. दुपारी बेरीज जुळेना तेव्हा हे कळलं. दोन कपाटं पुन्हा रिकामी केली आणि त्या दिवसापासून नावाऐवजी क्रमांक वाचायचा नियम केला.

मुलाखत घेणाऱ्या त्या ज्येष्ठांना तिला निवडायला एवढं पुरलं असणार, अशी माझी खात्री आहे. मालसाठ्याची पडताळणी म्हणजे याहून वेगळं काय असतं? दीडशे तासांच्या त्या कागदावर चूक सापडणार नव्हती, कारण कामच नव्हतं. या मुलीकडे झालेली चूक होती, ती कशी पकडली ते होतं, आणि शंका असेल त्यानं येऊन पाहावी अशी नोंदवही होती.

इथेच पदवीला प्रवेश हवा असेल, तर वाचनालयातल्या कामाचा उपयोग फारसा नाही, हेही सांगते. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो, तिथे कुणी हे विचारत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरतात आणि नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला श्रेयांकही आहेत. चांगलं आहे. पण श्रेयांक आले की तास मोजणं येतं, आणि तास मोजायला लागलं की असे कागद येतात. मुलांनी वाचनालयात जाऊन तास मागू नयेत, काम मागावं: सुरू कुठे होतं आणि संपलं कधी म्हणायचं, हे ठरलेलं काम. बालविभागाची पडताळणी, फाटक्या पाठींना कागद लावणं, जुन्या दिवाळी अंकांची सूची, ई-ग्रंथालय या संगणकप्रणालीत पुस्तकांच्या नोंदी भरणं. ग्रंथपालांकडे अशी यादी नेहमी असते, माणसं नसतात. अनुदानातून भागवलेल्या तुटपुंज्या पगारावर दोन-तीन माणसं सगळं वाचनालय ओढतात.

आणि हो, कपाटांच्या कुलपांबद्दल मी या जागी अनेकदा लिहिलंय, पण पुन्हा लिहिते. जिथे मुक्तद्वार नाही, वाचकाला कपाटाला हात लावू देत नाहीत, तिथे स्वयंसेवकाला द्यायला कामच उरत नाही. तो खुर्चीवर बसून तास भरतो. आमच्याकडे कपाटं उघडी झाली त्याच वर्षी मुलं टिकायला लागली. कुलपं काढा, अशी माझी सगळ्या कार्यकारी मंडळांना हात जोडून विनंती आहे.

पेढा देऊन झाल्यावर ती मुलगी लगेच निघाली नाही. बालविभागात जाऊन तिनं नोंदवही काढली, शेवटची पानं उलटली. अजून नऊ खुणा खोडायच्या राहिल्यात, म्हणाली. "काकू, त्यातली दोन तर नाटुकली आहेत, ती मोठ्यांच्या नाटकांत गेली असतील. रविवारी येऊन बघू?" नाटकांच्या कपाटाला आता कुलूप नाही. ये म्हटलं.