बिल देण्याआधी पानाची भाषा तपासा

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा गावासाठी कुणी इंटरनेटवर मराठीत आपत्कालीन सूचना दिली, तर दृष्टिहीन गावकऱ्याच्या फोननेही ती नीट वाचून दाखवली पाहिजे. त्याची पहिली अट पुरी झाली आहे का, हे कुणालाही मिनिटभरात तपासता येते.

संगणकावर क्रोममध्ये मराठी पान उघडा, उजवी क्लिक करा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. पानाचा सांगाडा समोर येतो. त्यात वरच एचटीएमएलचा टॅग असतो आणि त्यात पानाची भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ (mr) हवे. पुष्कळदा ‘ईएन’ (en) म्हणजे इंग्रजी दिसते, कारण तयार साच्यात तेच आलेले असते.

दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ‘लँग’ची ही खूण पाहून आवाज निवडतो. खूण इंग्रजीची असेल, तर मराठी मजकूर अडखळत वाचला जातो, कधी गाळलाही जातो.

अक्षरांचेही तसेच. ‘सोलापूर’मधला ल आणि ‘शिरूर’मधला श मराठीत हिंदीहून वेगळ्या वळणाने लिहितात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी, दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे, हे ब्राउझर त्या खुणेवरून ठरवतो. असा फॉन्ट वापरलेल्या पानावर ‘ईएन’वर डबल क्लिक करून ‘एमआर’ लिहा, एंटर दाबा. ल आणि श तुमच्यासमोर वळण बदलतील.

हा बदल फक्त तुमच्या पडद्यापुरता असतो. मूळ पान सर्व्हरवर जसेच्या तसे राहते आणि पान पुन्हा लोड केले की बदल पुसला जातो. म्हणून शाळेतल्या मुलांना हा प्रयोग बिनधास्त करू द्यावा.

पानाची भाषा नोंदवणे ही हौस नव्हे. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ती अगदी पहिल्या, ‘ए’ पातळीची अट आहे. तिला वेगळा खर्च नाही, नवे यंत्र नाही. तरीही ती राहून जाते, कारण संकेतस्थळ करून घेणारे ती मागत नाहीत. ग्रामपंचायती, नगरपालिका, साखर कारखाने, वर्तमानपत्रे यांनी ती कामाच्या करारातच लिहावी आणि काम ताब्यात घेताना इन्स्पेक्ट करून पाहावे. ‘एमआर’ नसेल, तर बिल मंजूर करू नये.