घूं, खरखर आणि आपली मराठी

"आवाज बरोबर येत नाहीये." घरी जोडलेला यूएसबी डॅक बिघडला की आपण बहुतेक जण एवढंच सांगतो. माझं मत असं, की दुरुस्ती इथेच अडते. ‘बरोबर नाही’ म्हणजे नक्की कसं, हे सांगितलं की अर्धा दोष सापडतो. आणि ते सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा मला तरी दुसरी मिळालेली नाही.

ज्यांनी डॅक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, हेडफोनला मात्र कमीजास्त होणारा विद्युतदाब लागतो. हा बदल करणारं सर्किट म्हणजे डॅक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम२७०४ ही चिप, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, काही कपॅसिटर आणि हेडफोनचा जॅक एवढ्यात तो घरी जमतो. वीजही यूएसबीतूनच मिळते.

आता आवाज ऐका. सतत, जड ‘घूं’ येतेय? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, ती आत शिरली की अशी घूं ऐकू येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर सोल्डर उचकटत बसू नका, वीजजोडणी आणि अर्थिंग बघा. चार्जरची अर्थची पिन तोडायचा जुगाड कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. ती पिन जीव वाचवायला असते.

बारीक, टोकदार ‘कींऽऽ’ असेल तर गोष्ट वेगळी. या चिपच्या वेगाला यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक खूण जाते, म्हणजे सेकंदाला १०००. तीच विजेच्या तारेतून गळून कानात वाजते. चिपच्या वीज घेणाऱ्या पायांना अगदी खेटून कपॅसिटर आहेत ना, ते पाहा.

वायर हलवली की ‘खरखर’? सांधा सैल आहे, सोल्डर नीट बसलेलं नाही. गाणं मधेच तुटून ‘टक् टक्’? केबल किंवा पोर्ट बदला. आवाज पाठवताना हरवलेला तुकडा यूएसबी पुन्हा मागत नाही, तिथे खड्डाच पडतो.

आवाज ‘पोचट’ वाटतो, तबला ऐकू येतो पण डग्गा नाही? जॅककडे जाणारे कपॅसिटर लहान पडलेत. ३२ ओहमच्या हेडफोनला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे सूर उतरत जातात. २२० लावला तर ही सीमा २३ हर्ट्झपर्यंत खाली येते.

सगळ्यात गमतीचा दोष म्हणजे साथ ऐकू येते आणि गायकच गायब होतो. जॅकची ग्राउंडची तार सुटली की दोन्ही कानांत डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक उरतो. गायक बहुधा मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा, म्हणून तो वजा होतो. जुनं मोनो रेकॉर्डिंग असेल तर जवळजवळ शांतताच. कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत आपल्या शेजारच्या देवासला राहिले. त्यांचा तानपुरा ऐकायला बसावं आणि एका सुटलेल्या तारेपायी काहीच कानी पडू नये, हे बरं नव्हे!

घूं, कींऽऽ, खरखर, टक् टक्, पोचट. यातला एकही शब्द मी घडवलेला नाही. आजीच्या रेडिओपासून ते आपल्या घरात आहेत. कुणी म्हणेल, कपॅसिटर नि सोल्डर तर इंग्रजीच ना? असू द्यात. वस्तूंची नावं बाहेरून येतातच, टेबल आलं तसं कपॅसिटर आलं. पण काय होतंय, कुठे होतंय, कशानं थांबतंय, हे सगळं सांगणारं वाक्य आपलं असू शकतं.

भोपाळमध्ये हे जास्त महत्त्वाचं आहे. इथे दुकानात हिंदी, लॅबमध्ये इंग्रजी, आणि मराठी घरी, गणेशोत्सवात नि आपल्या मंडळात. आपण तिच्यात कविता लिहितो, ते छानच. पण ज्या भाषेत बिघाड सांगता येत नाही, ती हळूहळू फक्त आठवणी सांगायला उरते.

म्हणून मंडळाला एक सुचवणं आहे. पुढच्या प्रत्येक अंकात एक पान दुरुस्तीला द्या. पंखा, सायकल, शिलाई मशीन, काहीही चालेल. अट एकच: बिघडलेली वस्तू कसा आवाज करत होती, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे.