मस्टर मोठ्यानं वाचा

डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोट किराना गावी, मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची मस्टरं आणि बिलं लोकांसमोर मोठ्यानं वाचली गेली. जे कामावर गेलेच नव्हते, त्यांच्या नावानं मजुरी उचललेली! हे पकडायला ऑडिटर लागला नाही. कोण कुठे राबलं, हे गावाला पाठ असतं. असे कागद पाहण्याच्या हक्कासाठी १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं आणि २००५ मध्ये देशाला माहितीचा अधिकार मिळाला. आपण मात्र तो एकेकटे वापरतो: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची वाट, मिळालेले कागद घरच्या फायलीत. मला हे फार खटकतं. कायद्यानं कामाची पाहणी करता येते, साहित्याचा नमुनाही मागता येतो. मग वॉर्डातल्या नव्या रस्त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या नकला मिळवा, रविवारी त्याच रस्त्यावर सतरंजी अंथरा, अभियंत्यांना आणि नगरसेवकांना सन्मानानं बोलवा. भाषणं नकोत. एकानं आकडे वाचावेत, दुसऱ्यानं टेप धरावी.