गाइडच्या माइकवरचा इतिहास

राजस्थानला जाणारी मराठी माणसे आता इतकी आहेत की जैसलमेरला सकाळी कांदेपोहे मिळतात. सहल कंपन्या सोबत स्वयंपाकी नेतात. जेवण मराठी, गाडीतल्या गाण्याच्या भेंड्या मराठी, इतिहास मात्र गाइडचा. तक्रार जेवणाबद्दल नाही. तक्रार त्या इतिहासाबद्दल आहे आणि तो मुकाट्याने ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सर्वांबद्दल आहे.

गेल्या हिवाळ्यात जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर असा अकरा दिवसांचा प्रवास आम्ही केला. बसमध्ये मुसलमान कुटुंब आमचे एकटेच. सहप्रवासी भली माणसे होती. माझ्या बायकोला उलट्या झाल्या तेव्हा नाशिकच्या एका काकूंनी रात्रभर तिच्या उशाशी बसून काढली. म्हणजे हा लेख कुणी आम्हाला त्रास दिला म्हणून लिहिलेला नाही. त्रास माइकचा होता. दर शहरात स्थानिक गाइड बदलायचा, पटकथा तीच. मुसलमान आले, राजपूत लढले, स्त्रिया जळाल्या, किल्ला मात्र अजिंक्य राहिला. चौथ्या दिवशी माझ्या बारा वर्षांच्या मुलीने हळूच विचारले, "अब्बू, तेव्हा आपण कोणाकडून होतो?"

प्रश्न साधा आहे आणि सहलीच्या माहितीपत्रकात त्याला उत्तर नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आमेरपासून सुरुवात करू, कारण बस तिथेच आधी थांबते. गाइड अभिमानाने सांगतो की या किल्ल्यावर मोगलांना कधी हल्ला करता आला नाही. कशाला करतील? 1562 साली राजा भारमलने आपल्या मुलीचे लग्न अकबराशी लावून दिले. त्याचा नातू मानसिंग अकबराच्या दरबारात सात हजारी मनसबदार झाला. घर सोयऱ्याचे असेल तर तोफा लावायच्या कुणावर? 1576 च्या हळदीघाटीत मोगल फौजेचा सेनापती हाच मानसिंग होता आणि राणा प्रतापच्या बाजूने लढता लढता मेलेला पठाण सरदार होता हकीम खान सूर. त्याआधी 1527 ला खानव्याच्या रणात बाबराविरुद्ध राणा सांगाच्या बाजूने हसन खान मेवाती उभा होता. तोही तिथेच पडला. ही गुप्त माहिती नाही, शालेय पातळीचा इतिहास आहे. पण माइकवर तो येत नाही, कारण तो आला की गोष्टीतला खलनायक कोण ते ठरवता येत नाही.

पुढचा भाग खास मराठी माणसासाठी. आमेरच्या शीशमहालात आमची बस फोटो काढण्यात रंगली होती. गणेश पोल, शीशमहाल हे सगळे वैभव ज्याच्या काळाशी जोडले जाते तो मिर्झाराजा जयसिंग. हाच जयसिंग 1665 साली औरंगजेबाची फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला. पुरंदरचा वेढा, मुरारबाजीचे मरण, आणि शिवाजी महाराजांना 23 किल्ले सोडायला लावणारा तह, हे सर्व याच मोहिमेतले. पुरंदरखाली दिलेरखान होता हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याच्या वरचा सेनापती ज्या वाड्यात राहत होता तिथल्या आरशांत आपण स्वतःचे फोटो काढतो आणि ओळख लागत नाही. तीच गत जोधपूरची. मेहरानगडाच्या भिंतीपाशी ‘जय भवानी’ झाले. त्या गडाचा धनी जसवंतसिंग शाहिस्तेखानाच्या मोहिमेत पुण्यात होता आणि नंतर त्याने कोंढाण्याला वेढा घातला. तो वेढा फसला, हा मराठ्यांचा पराक्रम.

मिर्झाराजाला किंवा जसवंतसिंगाला गद्दार ठरवण्याचा माझा हेतू नाही. सरदार चाकरी करीत होते आणि राजे राज्य वाढवीत होते. त्या काळची निष्ठा मीठ, जहागीर आणि सोयरीक यांच्याशी बांधलेली होती. हाच नियम शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानाला लागू होतो आणि आदिलशाहीत चाकरी केलेल्या मराठा घराण्यांनाही. मग तो फक्त मुसलमान सरदाराचे नाव आले की का बदलतो? मानसिंगाची ती ‘राजनीती’ आणि दिलेरखानाचा तो ‘धर्म’, असे कसे?

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात एक उंच मनोरा दिसतो, ईसरलाट. सवाई जयसिंगाचा मुलगा ईश्वरीसिंग याने तो विजयाची खूण म्हणून बांधला. पुढच्याच वर्षी, 1750 च्या डिसेंबरात, होळकरांची फौज थकलेली खंडणी वसूल करायला जयपूरवर चालून आली तेव्हा याच ईश्वरीसिंगाने विष घेऊन जीव दिला. काही आठवड्यांनी, 1751 च्या जानेवारीत, जयपूरकरांनी शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल केली. आमच्या गाइडने मनोरा दाखवला आणि खालच्या बाजारात लाखेच्या बांगड्या कुठे स्वस्त मिळतात तेवढे सांगितले. शहाणा माणूस. बसमध्ये बसलेल्या पाहुण्यांच्या आडनावांकडे बघून काय गाळायचे हे त्याला नेमके कळत होते. मराठी पाहुण्यांचे मन दुखू नये याची काळजी घेता येते, तर त्याच बसमधल्या बारा वर्षांच्या मुलीचे मन दुखू नये याची घ्यायला काय हरकत होती?

मेहरानगडाच्या लोहापोल दरवाजाशी भिंतीवर शेंदूर लावलेले हातांचे ठसे आहेत. सती गेलेल्या राण्यांचे. गाइडने तिथे आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आक्रमक आले की आमच्या स्त्रिया अब्रूसाठी काय करायच्या, बघा." बसमधल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण हे ठसे ज्या राण्यांचे म्हणून सांगतात त्या महाराजा मानसिंगाच्या, आणि तो वारला 1843 साली. त्या वर्षी जोधपूरच्या दाराशी कुठला सुलतान उभा होता? दिल्लीचा बादशहा इंग्रजांच्या पेन्शनवर जगत होता. बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा होऊन चौदा वर्षे लोटली होती. त्या बायका कुणाच्या तलवारीला भिऊन चितेवर चढल्या नव्हत्या. त्यांना आपल्याच घराच्या रिवाजाने चढवले. ते मान्य करायचे नसले की मुसलमान आक्रमक कामाला येतो. त्याच गडाच्या पायात 1459 साली राजाराम मेघवाल याला जिवंत पुरले, अशी तिथली परंपरा सांगते. त्याच्या स्मारकाची खूण गडावर आहे. आमची बस तिथे थांबली नाही.

आता आमच्या लोकांकडे वळतो, नाहीतर म्हणाल हा फक्त एका बाजूला बोलतो.

सहलीचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले तेव्हा माझ्या एका चुलतभावाने लिहिले, "अपने बादशाहों की शान देखी?" ही उलट बाजूची तीच पटकथा. बादशहा आपले कधी झाले? आमचे आजे-पणजे पिंजारी. सांगलीच्या बाजूला दारोदार फिरून गाद्या भरायचे. मोगल छावणीशी त्यांच्या पूर्वजांचा संबंध आलाच असेल तर त्यांच्या शेतातली कडबी घोड्यांनी खाल्ली एवढाच. जसवंतसिंग मेल्यावर औरंगजेबाने मारवाड खालसा केले आणि 1679 मध्ये जोधपूरची मंदिरे पाडून मूर्ती गाड्यांत भरून दिल्लीला नेल्या, हे त्याच्याच दरबारी इतिहासात नोंदले आहे. हे लपवायचे कारण काय? ज्याचा आपल्याशी ना रक्ताचा संबंध ना भाकरीचा, त्याच्या पापाचे वकीलपत्र आपण का घ्यावे? आणि दुसऱ्याने ते आपल्या गळ्यात का बांधावे?

याच मारवाडातली एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या माइकवरून सांगायला हवी. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध उठला. 1681 साली दुर्गादास राठोड त्याला घेऊन थेट संभाजीराजांच्या मुलखात आला. शहजाद्याची लहान मुले मारवाडातच राहिली, दुर्गादासच्या माणसांच्या सांभाळात. बरीच वर्षे गेल्यावर नात आजोबांकडे परत आली तेव्हा बादशहाला वाटले की तिला आता कुराण शिकवावे लागेल. नात म्हणाली, मला येते. दुर्गादासने तिच्यासाठी अजमेरहून शिक्षिका आणून ठेवली होती. ज्याने मारवाड गिळले त्याच्याशी हा राठोड हयातभर लढला, आणि त्याच्याच नातीला तिचा दीन शिकवायची सोय केली. जोधपूरला दुर्गादासचा पुतळा आहे, बस त्याच्यावरून जाते. गाइडने ‘वीर’ हा शब्द उच्चारला आणि पुढच्या चहाची वेळ सांगितली.

माझ्या मुलीला मी एवढेच सांगितले, की आपण लढणाऱ्यांकडून नव्हतो, घडवणाऱ्यांकडून होतो. पुढचे दिवस तिने तेच शोधण्यात घालवले आणि तिला ते जागोजागी सापडले. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात सोन्याची नक्षी आहे ना, ती उस्ता घराण्यांची कला. हे मुसलमान कारागीर आजही उंटाच्या चामड्यावर तेच काम करतात. त्यांच्यातल्या हिसामुद्दीन उस्तांना 1986 साली पद्मश्री मिळाली. जैसलमेरच्या हवेल्यांच्या जाळ्या बघून माणूस थक्क होतो. तो पिवळा दगड कोरणाऱ्यांत सिलावट मुसलमान होते. मुंबई बंदर आणि रेल्वे आल्यावर उंटांच्या तांड्यांचा व्यापार आटला, जैसलमेर बसले, आणि यातली कितीतरी घरे कामाच्या शोधात कराचीला गेली. जयपूरच्या त्या स्वस्त लाखेच्या बांगड्यासुद्धा मनिहारांच्या, म्हणजे मुसलमानांच्याच. घासाघीस करताना कुणी नाव विचारत नाही.

आणि समच्या वाळूतली ती रात्र. उंटावरची फेरी झाली, शेकोटी पेटली, फेटेवाले लोक कमायचा आणि खडताल घेऊन बसले आणि ‘केसरिया बालम’ सुरू झाले. आमची अख्खी बस नाचली. काकूंनी शंभराची नोट ओवाळून टाकली. हे गाणारे मांगणियार. धर्माने मुसलमान, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे यजमान बहुतेक हिंदू, मुख्यत्वे राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले की गाणे यांचे. यजमानाची वंशावळ यांना तोंडपाठ. देवीची गाणी यांची, कृष्णाची यांची, सूफी कलामही यांचेच. हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. कोमल कोठारींनी आयुष्य घालून हे संगीत जगासमोर आणले, नाहीतर ते वाळूतच राहिले असते.

पण फक्त ‘गंगाजमनी’ म्हणून मी त्या रात्रीवर पडदा टाकणार नाही. 2017 साली जैसलमेर जिल्ह्यातल्याच दांतल गावात नवरात्रात देवीपुढे गाणाऱ्या एका मांगणियार गायकाला मारून टाकण्यात आले. भोप्याची तक्रार अशी होती की राग नीट लागला नाही, त्यामुळे देवी अंगात येईना. गावातल्या मांगणियार कुटुंबांनी भीतीने गाव सोडले. देवीला ज्याच्या गळ्याशिवाय जाग येत नाही, त्याचा जीव किती स्वस्त आहे हे तिथे दिसले. यजमान आणि मांगणियार हे नाते गोड आहे, पण ते बरोबरीचे नाही. देणारा वर बसतो आणि घेणारा खाली. आमच्या ओवाळून टाकलेल्या नोटेनेही तेच केले.

सहल कंपनीच्या माहितीपत्रकात त्या संध्याकाळचा उल्लेख ‘लोकसंगीत व राजस्थानी भोजन’ असा आहे. हॉटेलचे नाव आहे, उंटाच्या फेरीची मिनिटे आहेत, जेवणातले पदार्थ एकूण एक आहेत. गाणाऱ्यांची नावे नाहीत. मी शेकोटीजवळ जाऊन विचारली. चौघे होते, चौघांच्याही नावात खान. पाचवा सात-आठ वर्षांचा मुलगा, खडताल वाजवणारा. माझ्या मुलीने त्याला विचारले, तू कोणत्या शाळेत जातोस? तो म्हणाला, सीझन संपला की जातो.