अरुंद नाल्यातील पोकलेन : तासांचा हिशेब व कामाचा हिशेब

नाल्यांतील गाळ काढणे, शेततळी खोदणे, बंधाऱ्यांची दुरुस्ती करणे ही कामे आता बहुतांशी यंत्राच्या साह्यानेच होतात. ‘पोकलेन’ हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव. परंतु साखळीवर चालणाऱ्या कोणत्याही खोदाई यंत्रास आपल्याकडे आज तेच नाव रूढ झाले आहे. सन 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली, तेव्हापासून अनेक गावांस हे यंत्र परिचित झाले. मात्र यंत्र भाड्याने घेणारे गाव बहुधा तास मोजते, काम मोजीत नाही. ही दृष्टी बदलणे आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम जागेचा विचार करावा. वीस टनी यंत्राची रुंदी सुमारे तीन मीटर असते. परंतु यंत्र वळते तेव्हा त्याचा मागील भाग मध्यापासून सुमारे पावणेतीन मीटरचा फेरा घेतो. म्हणजे पूर्ण फेऱ्यास साडेपाच मीटर जागा लागली. दोन्ही अंगांस पाऊण-पाऊण मीटर मोकळे सोडल्यास सात मीटर होतात. याहून अरुंद नाल्यात हे यंत्र उतरविल्यास मागील वजन काठावर आदळते, अथवा ऑपरेटरास वळण अर्धवट सोडून पुनःपुन्हा मागेपुढे जावे लागते. अशा ठिकाणी एका काठावरून काम करावे, किंवा सात-आठ टनी लहान यंत्र आणावे. यंत्र येण्यापूर्वी नाल्याची रुंदी टेपाने मोजणे हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय.

काठावरून खोदताना साखळ्या काठाशी काटकोनात असाव्यात व त्यांना फिरविणारी मोटारीची बाजू मागे असावी. कड ढासळू लागल्यास यंत्र सरळ मागे घेता येते. काढलेली माती कडेस टाकू नये. ती किमान दीड मीटर किंवा खोदाईच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे अंतर अधिक असेल तितकी दूर टाकावी. अन्यथा पहिल्याच पावसात तीच माती पुन्हा नाल्यात येते आणि भाडे व्यर्थ जाते. बंधाऱ्याच्या भिंतीलगतचा गाळ माणसांकडूनच काढवावा; बकेटचा एक धक्का भिंतीस तडा देण्यास पुरेसा आहे. वरून विजेच्या तारा जात असल्यास वीज कंपनीस आधी लेखी कळवून प्रवाह बंद करवावा. यंत्राच्या फेऱ्यात माणसे व जनावरे येऊ नयेत, यासाठी एक जाणता गडी इशारा देण्यास उभा करावा. ट्रॅक्टरची ट्रॉली यंत्रास पाव फेऱ्याहून अधिक वळावे लागणार नाही अशी उभी केल्यास, तेवढ्याच डिझेलमध्ये अधिक खेपा भरतात.

आता निगेविषयी. “यंत्र दुसऱ्याचे, त्याच्या ग्रीसची चिंता आम्ही का वाहावी?” असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर हंगामात आहे. रब्बीची पिके निघाल्यापासून मृग लागेपर्यंतच नाला मोकळा असतो. त्या अवधीत यंत्र आठ दिवस बंद पडल्यास मालकाचे भाडे बुडते. गावाचे मात्र वर्षभराचे पाणी बुडते.

पाण्याचिखलात काम करणाऱ्या यंत्राच्या बकेटच्या पिनांना रोज ग्रीस द्यावे लागते. न दिल्यास वाळू आत शिरून पिन व बुश झिजतात. साखळीतील चिखल सायंकाळी खरवडून काढावा. तो वाळून घट्ट झाल्यास साखळीवरील ताण वाढतो. साखळी फार घट्ट असल्यास दातेरी चाक लवकर झिजते, फार सैल असल्यास वळताना ती उतरते, आणि अरुंद जागेत ती पुन्हा चढविणे महाकठीण होते. इंजिनाचे तेल, पाणी व हायड्रॉलिक तेल सकाळी पाहावे; एअर फिल्टरमधील धूळ झाडावी. डिझेल गाळूनच भरावे. तेलाच्या नळीतून गळती वाटल्यास तेथे हात लावू नये; दाबाखालील तेल कातडीत शिरते. बकेटने आडवे झोडपून दगड सरकविण्याची सवय ऑपरेटरास असल्यास ती थांबवावी, कारण त्याने वळणयंत्रणेचे दाते दुखावतात.

या सर्वांस रोज अर्धा-पाऊण तास लागतो. तो वेळ कोणाच्या खाती धरावा, हे काम सुरू होण्यापूर्वीच मालकाशी ठरवून लिहून ठेवावे. आमच्या मते तो निम्मा-निम्मा वाटून घेणे न्याय्य ठरेल. रोज सायंकाळी मीटरवरील तास, निघालेल्या ट्रॉल्या व झालेली लांबी एका वहीत शेजारी-शेजारी मांडावी. आठ दिवसांत तासांचा व कामाचा मेळ कोठे बसत नाही, हे गावास आपोआप दिसून येईल.

यंत्र उतावीळपणे चालविले तर ते केवळ माती इकडची तिकडे करते. विचाराने चालविले तर ते पाणी साठविते. तेव्हा यंदा यंत्र बोलाविण्यापूर्वी टेप व वही हाती घ्यावी, अशी ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची सूचना आहे.