चित्रकाराच्या डोळ्यांनी प्रवास

प्रवासावरचा माहितीपट म्हटलं की आपल्याला एक भारदस्त आवाज आठवतो : हा किल्ला अमुक साली बांधला, तमुक राजाने जिंकला. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी मकबूल फिदा हुसेन यांनी 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' हा लघुपट केला, त्यात यातलं काहीच नाही.

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, पण बालपण आपल्या इंदूरमधलं. इथेच देवळालीकर मास्तरांकडे ते चित्रकला शिकले. लघुपटात ते राजस्थानात फिरतात. बुंदी, चित्तोड, जैसलमेर. कृष्णधवल दृश्यांमधून छत्री, कंदील, जोडा, गाय समोर येत राहतात. दृश्यांवर निवेदन नाही. सोबतीला विजय राघव राव यांचं संगीत. गोष्ट नसलेल्या या लघुपटाला त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचं 'गोल्डन बेअर' मिळालं.

मला यातली निवड महत्त्वाची वाटते. प्रवासातलं सगळं आठवत नाही; एखादी छत्री मात्र डोक्यात घर करून बसते. हुसेन लहान असतानाच त्यांची आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, घरात फोटोही नव्हता. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी स्त्रियांना चेहराच नाही. आठवणीतली रिकामी जागा त्यांनी खोटी भरली नाही, रिकामीच रंगवली.

तरुण मित्रांनो, आपली अडचण उलटी आहे. मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, चेहरे स्वच्छ दिसतात. पण आजीच्या जुन्या अल्बममधली नऊवारीतली बाई कोण, हे सांगणारा आवाज घराघरातून कमी होत चाललाय. कलाकृतीला निवेदन नसलं तरी चालतं, कारण तिथे चित्रकाराची नजर बोलते. घरच्या फोटोला मात्र सांगणारं माणूस लागतं. ते गेलं की नातं जातं, उरतो नुसता चेहरा.

या सुट्टीत दोन गोष्टी करून पाहा. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत चाला आणि एक शब्दही न बोलता, मनात अडकलेल्या पाचच वस्तूंचं चित्रीकरण करा. मग घरी येऊन अल्बम उघडा, आजी-आजोबांना बोलतं करा आणि फक्त त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. पहिलं काम पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. दुसरं याच आठवड्यात करा.